लादी तीनदा पुसते तरी चिकटच, काय करू?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई नमस्कार. मी आणि माझे दीर मिळून एक छोटं रेस्टॉरंट चालवतो. जागा आधीपासून रेस्टॉरंटचीच होती, आम्ही आहे तशी घेतली. किचनची लादी मी दिवसातून तीनदा पुसून घेते, फिनाईल टाकून, तरी चप्पल चिकटते आणि संध्याकाळपर्यंत कुबट वास येतो. भांडी घासायच्या जागेपाशी सात-आठ लाद्या फुटल्यात, दोन हलतात, पाय दिला की खालून पाणी वर येतं. सध्या तिथे पुठ्ठा टाकून ठेवलाय. परवा तपासणी झाली, त्यात फरशी दुरुस्त करा असा शेरा आला. दीर म्हणतात जेवण काय जमिनीवर वाढतो का आपण, एवढं काय त्यात. ठेकेदार म्हणतो जुन्यावरच नवीन टाइल्स चिकटवून देतो, दोन दिवसांचं काम. आणि रात्री साफसफाई करणारा मुलगा म्हणतो ऍसिड आणून द्या, चकाचक करतो. जास्त दिवस बंद ठेवणं परवडणार नाही. कोणाचं ऐकू?"

ताई नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर अडकले, पाय दिला की खालून पाणी वर येतं. चिकटपणा, वास, ऍसिड, दीर सगळ्यावर बोलूच, पण तुमच्या किचनचं खरं दुखणं त्या वाक्यात आहे. ते वर येणारं पाणी आजचं नसतं हो, ते कालचं परवाचं खरकटं मिसळलेलं पाणी असतं, फुटक्या सांध्यातून खाली गेलं आणि तिथेच मुरलं, आणि तुम्ही वरून तीनदा पुसता तेव्हा त्याला अजून थोडं पाणी आणि अजून थोडं खायला मिळतं. तिथे ना ब्रश पोचतो ना औषध. त्यामुळे फिनाईल कुठलं आणि मॉप कुठला हे सगळं नंतर.

मी कुठलंही किचन बघते तेव्हा फरशी चमकते का याकडे माझं फारसं लक्ष नसतं, मी बघते काम आटपल्यावर ती किती वेळात सुकते. जी तासाभरात सगळीकडून कोरडी होते ती स्वच्छ ठेवणं सोपं असतं, अगदी जुनी, डाग पडलेली असली तरी. आणि जिथे सकाळी कुलूप उघडल्यावर पण ओल दिसते तिथे कितीही घासा, दुपारपर्यंत परत तेच.

आता दीरांचं. त्यांना उडवून लावू नका, प्रश्न चुकीचा नाहीये. सुरी, चॉपिंग बोर्ड, ओटा, हात यांचा नंबर फरशीच्या आधी लागतो हे मी पण मानते, आणि वेळ कमी असेल तर आधी ओटा नीट धुवा असंच सांगेन. पण त्यांना म्हणावं एकदा ऐन गर्दीच्या वेळी किचनच्या कोपऱ्यात दहा मिनिटं उभं राहा आणि फक्त जमिनीशी कोणाकोणाचा संबंध येतो तेवढं बघा. माल आला की क्रेट आधी जमिनीवर टेकतो आणि मग तोच उचलून ओट्यावर. डाव खाली पडतो, उचलला, ऍप्रनला पुसला, परत पातेल्यात. हात पुसायचं फडकं पडतं, खांद्यावर जातं. पाण्याचा पाइप दिवसभर जमिनीवर लोळत असतो, तो हातात धरला की तोच हात पुढच्या कामाला. आणि पाइपने जोरात पाणी मारलं की फरशीवरची घाण बारीक तुषार होऊन पार ओट्याच्या उंचीपर्यंत उडते, डोळ्याला दिसत पण नाही. म्हणजे जमिनीवर वाढत नाही हे खरं, पण जमीन आपल्या पायांनी वर येते.

ते पाच सेकंदांचं ऐकलं असेल, खाली पडलेलं पटकन उचललं तर चालतं म्हणे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात हे तपासून बघितलं गेलं, स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा अशा चार पृष्ठभागांवर जंतू लावून त्यावर कलिंगड, साधा ब्रेड, लोणी लावलेला ब्रेड आणि गमी कँडी टाकली. जास्त वेळ पडून राहिलं की जास्त जंतू लागतात हे बरोबरच निघालं, पण लागायला सुरुवात एका सेकंदाच्या आत होते. आणि सगळ्यात जास्त कोणाला लागले तर कलिंगडाला, कारण ते ओलं. जंतूंना इकडून तिकडे जायला ओल लागते, दीरांना यातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे.

अजून एक सांगते, यात घाबरवायचा हेतू नाही पण माहीत असावं. लिस्टेरिया नावाचा जीवाणू आहे, त्याला थंड आणि ओली जागा आवडते, बाकीचे बरेचसे जंतू फ्रिजच्या तापमानाला सुस्त होतात आणि हा पठ्ठ्या तिथेही हळूहळू वाढत राहतो. ड्रेनची जाळी, फुटक्या लादीखालची पोकळी, कोल्डरूमचा कोपरा ही त्याची ठरलेली घरं. एकदा बस्तान बसलं की स्वतःभोवती बुळबुळीत थर करतो आणि मग वरून ओतलेलं औषध आतपर्यंत पोचत नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका शेतावरच्या खरबुजांमुळे 147 लोक आजारी पडले आणि 33 जण दगावले, तेव्हा तिथल्या सरकारी तपासणीत पॅकिंग शेडबद्दल ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या त्यात यंत्रांजवळ आणि येण्याजाण्याच्या वाटेवर जमिनीवर पाणी साचत होतं आणि फरशी नीट साफ होईल अशी बांधलेलीच नव्हती हे दोन मुद्दे होते. एकटी फरशी दोषी होती असं नाही, यंत्रं पण साफ करायला अवघड होती. नीट शिजवलं की लिस्टेरिया मरतो, पण तुमच्याकडे कापून तसंच वाढायचं काही ना काही असतंच की, आणि गरोदर बायका आणि म्हातारी माणसं सगळीकडेच जेवायला येतात.

बरं आता चिकटपणा. याचं कारण बहुतेक वेळा ऐकून लोकांना पटत नाही, तीनदा पुसता म्हणूनच चिकटते. म्हणजे कसं, तव्यावरून कढईतून तेलाची वाफ दिवसभर हवेत जाते आणि गार होऊन खाली बसते, त्यावर पीठ, धूळ, पायांची घाण. आता त्यावर आपण एक बादली पाण्यात फिनाईल टाकून मॉप फिरवतो. फिनाईलला तेल सुटत नाही, ते वासाचं आणि जंतूंचं औषध आहे, साबण नाही, त्यामुळे तेलाचा थर जिथे होता तिथून सगळीकडे सारखा पसरतो. तिसऱ्या फेरीपर्यंत बादलीतलं पाणीच तेलकट झालेलं असतं. आणि बरेचजण चिकटतंय म्हणून साबण जास्त ओततात, तो धुवून काढत नाहीत, मग साबणाचा थर सुकतो आणि त्याला अजून धूळ धरते. शिवाय फिनाईलचा उग्र वास अन्नाला लागतो, ते किचनमध्ये नकोच, टॉयलेटकडे ठेवा.

तीनदा ऐवजी एकदाच पण पूर्ण करा, रात्री, सगळं अन्न झाकून आत गेल्यावर. आधी कोरडं झाडून सगळा कचरा उचला, सांडलेलं पीठ, साली, भाताची शितं, हे पाण्याने ड्रेनकडे ढकलायचं नाही, सुपलीत भरायचं आणि डब्यात टाकायचं, अर्धा वास इथेच कमी होतो. मग तेल काढणारं अल्कलाइन डीग्रीजर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात गरम पाण्यात, फरशीवर ओतून पसरवा आणि थांबा. हे थांबणं कोणालाच जमत नाही आणि खरं काम तिथेच होतं, डब्यावर पाच मिनिटं लिहिलं असतील तर पाच, दहा असतील तर दहा, फक्त मधे सुकू द्यायचं नाही. तेल सुटायला वेळ लागतो, जोर लावून तो वेळ वाचत नाही. मग लांब दांड्याच्या कडक ब्रशने घासा, मॉपने नाही, कारण मॉप सांध्यांच्या वरून जातो आणि घाण असते सांध्यात. त्यानंतर वायपरने ते सगळं घाण पाणी ड्रेनकडे ओढायचं, साध्या पाण्याने धुवायचं, परत वायपर. शेवटचा वायपर मन लावून मारा आणि पंखे किंवा एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा. हातात ग्लोव्ह्ज आणि पायात न घसरणारे बूट, डीग्रीजरने कातडी पण जाते आणि पाय पण सरकतो.

जंतुनाशक रोज सगळ्या फरशीवर लागतंच असं नाही. भांड्यांची जागा, ड्रेनच्या आजूबाजूला, कच्चं मांस-मासे हाताळता तिथे, कोल्डरूम, इथे नक्की मारा, पण घासून धुवून झाल्यावरच. घाणीवर ब्लीच ओतलं की ते घाणीशीच झगडण्यात संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. आणि क्वाट प्रकारचं (डब्यावर क्वाटर्नरी अमोनियम लिहिलेलं) जंतुनाशक वापरत असाल तर साबण आधी नीट धुवून काढा, बऱ्याच साबणांमुळे त्याचा जोर मरतो.

दिवसा काय करायचं? दिवसा फक्त सांडलं तिथे, लगेच. तेल सांडलं तर आधी कागदाने टिपून घ्यायचं, मग तेवढीच जागा साबणाने पुसून कोरडी करायची, कोणी घसरू नये म्हणून बोर्ड उभा करायचा, संपलं. उघड्या अन्नाशेजारी खराट्याने धूळ उडवणं आणि पाइपने फरशी धुणं दोन्ही बंद. आणि तो पुठ्ठा आजच्या आज उचला हो. पुठ्ठा तेल-पाणी पितो आणि धरून ठेवतो, खाली अंधार आणि ऊब, झुरळांना याहून चांगली जागा तुम्ही मुद्दाम शोधून पण देऊ शकणार नाही. वर पुठ्ठ्याची कड पायात अडकते ती वेगळीच. भोकाभोकाची रबरी मॅट टाकायची असेल तर टाका, पण रोज रात्री उचलून दोन्ही बाजूंनी धुवून उभी करून सुकवायची, ती पण भांड्यांच्या सिंकमध्ये नाही.

ऍसिडबद्दल त्या मुलाला रागावू नका, त्याला दिसायला चकाचक करून दाखवायचंय आणि ऍसिडने दिसतं पण तसं, एकदोनदा. पण लाद्यांच्या मधला साधा सिमेंटचा ग्राऊट ऍसिडमध्ये विरघळतो. आधीच लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, ताक यांनी तो रोज थोडा थोडा खाल्ला जात असतो, त्यात बाटलीतलं ऍसिड म्हणजे तुम्ही पैसे देऊन सांधे उघडे करताय. मग त्या फटीतून पाणी खाली, लादी सुटते, पोकळ होते, फुटते. तुमच्या त्या सात-आठ लाद्या बहुतेक याच वाटेने गेल्या असणार, आधीच्या मालकाच्या काळात. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असेल तर तो पण ऍसिडने खरखरीत होतो आणि मग घाण जास्तच धरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऍसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये रात्री एकटा माणूस काम करत असताना हे जिवावर बेतू शकतं. ब्लीच आणि अमोनियाचं पण तसंच, विषारी वायूच. मुलाला हे शांतपणे समजावून सांगा, कुठल्या डब्यात काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि ऍसिडची बाटली किचनमध्ये येऊच देऊ नका.

कुबट वासाचा अर्धा भाग लादीखालून येतोय आणि उरलेला नक्की ड्रेनमधून. जाळी उचलून बघा, आतल्या बाजूला बोट फिरवलंत (ग्लोव्ह घालून!) तर बुळबुळीत थर लागेल. तुमच्याकडे ड्रेनवर छोट्या केसाळ पंखांच्या माश्या बसतात का? त्या त्याच थरात अंडी घालतात, तोच खातात. उकळतं पाणी आणि ब्लीच ओतून त्या दोन दिवस कमी होतात आणि परत येतात, कारण थर तसाच राहतो. तो घासूनच काढावा लागतो. ड्रेनसाठी वेगळा ब्रश घ्या, तोंडापेक्षा जरा बारीक म्हणजे घासताना वर उडत नाही, त्याचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा ठेवा आणि तो बाकी कशालाही वापरायचा नाही. अन्न आणि भांडी झाकून आत ठेवल्यावरच हे करायचं, झालं की ग्लोव्ह्ज बदलून आजूबाजूची फरशी धुवायची आणि ड्रेनमध्ये जंतुनाशक. ड्रेनमध्ये प्रेशरचं पाणी मात्र कधीच मारू नका, आतलं सगळं हवेत येतं. आणि एखादा ड्रेन क्वचितच वापरात असेल, कोपऱ्यातला किंवा स्टोअरमधला, तर त्याच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी सुकून जातं आणि गटाराचा वास थेट वर येतो, तिथे आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतलं तरी काम भागतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक आख्खी फरशी खोदतात.

आता ठेकेदार. जुन्यावर नवीन टाइल, दोन दिवसांत. ताई, हे तुमच्या किचनमध्ये करू नका. बाहेर बसायच्या हॉलमध्ये केलं असतं तर मी फार काही बोलले नसते, पण इथे खालची लादी हलतेय, खाली पाणी आहे. हलत्या लादीवर चिकटवलेली लादी पण हलणारच, आणि आता त्या पाण्यावर दुहेरी झाकण बसेल, ओल बाहेर यायचा जो थोडाफार रस्ता होता तो पण बंद. वर उंची वाढते, म्हणजे दाराखाली अडतं, ड्रेनची जाळी खड्ड्यात जाते, कडेला घाण साचते. आणि ढाळ जर मुळात चुकलेला असेल तर तोच चुकलेला ढाळ नवीन टाइलला पण मिळतो.

ढाळ चुकलाय का हे तुम्ही स्वतः आज रात्री बघू शकता, कोणाला बोलवायला नको. सगळं धुवून झालं की फरशीवर दोन-तीन बादल्या स्वच्छ पाणी ओता, वायपर मारू नका, वीस मिनिटं थांबा. पाणी जिथे उभं राहील तिथे खडूने गोल करा. मग लाकडी दांड्याने एकेक लादी हलकेच ठोकत जा, पोकळ आवाज आला की तिच्यावर फुली. शेवटी दिवे घालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, खड्डे, टवके, उघडे सांधे सगळं सावलीत उठून दिसतं. फोटो काढून ठेवा. माझा अंदाज आहे की फुल्या आणि गोल दोन्ही भांड्यांच्या जागेपाशीच गर्दी करतील, अजून थोडे चुलीसमोर, आणि बाकी फरशी बऱ्यापैकी ठीक निघेल. तसं असेल तर सगळी फरशी तोडायची गरज नाही, तेवढाच भाग, पण तेवढा मात्र खालपर्यंत.

खालपर्यंत म्हणजे त्या भागातल्या पोकळ लाद्या सगळ्या काढायच्या, फक्त फुटलेल्या नाही. खालचा भुसभुशीत ओला मसाला खरवडून काढायचा, जागा सुकू द्यायची, पाइप गळतोय का तेव्हाच बघून घ्यायचं कारण नंतर कोणी बघणार नाही. मग ड्रेनच्या दिशेने ढाळ देऊन नवीन बेड, म्हणजे लाद्यांखालचा मसाल्याचा थर. ढाळ साधारण मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर, भांड्यांच्या जागी 2 च्या जवळ, त्याहून जास्त दिला तर ट्रॉली पळते आणि ओल्यात पाय घसरतो. वर जाड, पाणी न पिणारी, अँटी-स्किड टाइल, भिंतीला लावायची पातळ चकचकीत अजिबात नको. फार खडबडीत पण नको, न घसरायच्या नादात लोक असली टाइल आणतात की तिच्यातली घाण निघत नाही.

सांध्यांना इपॉक्सी ग्राऊट घ्या, इथे पैसे वाचवू नका, वाटलं तर टाइल जरा स्वस्त घ्या. सिमेंटचा ग्राऊट पाणी आणि तेल पितो, इपॉक्सीचा पित नाही आणि ऍसिडिक पदार्थांना बराच टिकतो. पण तो भरायला हात सराईत लागतो, पटकन घट्ट होतो आणि टाइलवर राहिला तर निघत नाही, म्हणून आधी विचारा याआधी कुठे भरलाय आणि जाऊन बघा. साधारण एका दिवसात चालता येतं, पूर्ण ताकद यायला आठवडाभर लागतो, तोवर तिथे कडक केमिकल नको. भिंत आणि फरशी मिळते तो काटकोनी कोपरा गोल करून घ्या, कोव्हिंग म्हणा त्यांना, काटकोनात ब्रश बसत नाही आणि वर्षभरात काळी रेघ तयार होते.

कोणी तुम्हाला सगळ्या फरशीवर इपॉक्सीचा कोट मारून घ्या म्हणेल, दिसतं फार छान, एकही सांधा नाही. पण खाली ओल असताना मारला तर फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात, आणि साध्या इपॉक्सीला साधारण 60 अंशांच्या वरचं पाणी सारखं पडत राहिलं की त्रास होतो. तुम्ही पातेल्यातलं उकळतं पाणी थेट ड्रेनकडे ओतत असणार. अशा जागेला पॉलीयुरेथेन सिमेंटची काही मिलिमीटर जाड फरशी मिळते, ती उकळतं पाणी आणि लगेच गार पाणी दोन्ही सोसते. महाग आहे, कधी पुढे सगळं नव्याने कराल तेव्हा तिचा विचार करा, आत्ता नाही.

किती दिवस बंद? भांड्यांच्या जागेपुरतं काम असेल तर तोडणं, सुकवणं, बसवणं, ग्राऊट धरून चार-पाच दिवस जातील असं समजा, ओल फार असेल तर सुकायलाच जास्त लागेल आणि तिथे घाई केली तर सगळं वाया. भांडी घासायची दुसरीकडे स्वच्छ सोय होत असेल तरच मेनू छोटा करून अर्धं किचन चालवा, नाहीतर सरळ बंद ठेवा. तोडफोड चालू असताना शेजारी स्वयंपाक हे मात्र नको, टाइल कापतानाची धूळ सगळीकडे जाते, अन्नात पण आणि छातीत पण. काम संपल्यावर वरपासून खालपर्यंत धुवून मगच सुरू. आणि काम सुरू व्हायला आठवडा-दोन आठवडे असतील तर हलणाऱ्या लाद्या आत्ताच काढून टाका, खालचं घाण पाणी काढून, जमेल तेवढं सुकवून, पटकन सेट होणाऱ्या रिपेअर मसाल्याने तो खड्डा फरशीच्या लेव्हलला भरून घ्या. तात्पुरतं आहे, दिसायला वाईट दिसेल, पण धुता येतं आणि सुकतं.

फरशी झाल्यावर तिच्यावर काय ठेवता ते पण बघा. मालाची पोती, डबे, क्रेट जमिनीवर नको, जमिनीपासून 15 सेंटिमीटर तरी वर, रॅकवर. फ्रिज, टेबल यांचे पाय पण तेवढेच उंच किंवा मग चाकं, म्हणजे खालून ब्रश जातो. मधलं दोन बोटांचं अंतर सगळ्यात वाईट, घाण जाते पण ब्रश जात नाही. मॉप वापरायचाच तर हॉलसाठी, टॉयलेटचा पूर्ण वेगळा, आणि वापरून झाला की धुवून पिळून टांगून सुकवायचा. ओला मॉप बादलीतच ठेवला की सकाळी तुम्ही रात्रभर वाढलेले जंतू फरशीला लावता. मॉपचं पाणी भाज्या धुवायच्या किंवा हात धुवायच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

आणि त्या रात्रीच्या मुलाला एक चांगला ब्रश, चांगला वायपर, बूट आणि अर्धा तास जास्त द्या. सगळ्यांना घरी जायची घाई, दिवे अर्धे बंद, आणि त्याच्याकडून आपण चकाचक मागतो, मग तो ऍसिडच मागणार ना.

शेऱ्याचं म्हणाल तर तपासणीवाल्यांनी तुमच्याकडे काही जगावेगळं मागितलेलं नाही. अन्नाच्या स्वच्छतेची कोडेक्सची (संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून नेमलेल्या अन्न-मानक आयोगाची) जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत, पहिल्यांदा 1969 मध्ये ठरलेली, त्यात पण फरशीबद्दल हेच आहे की पाण्याचा निचरा व्हावा आणि ती साफ करता यावी. तुम्ही खडूच्या खुणांचे फोटो, कुठला भाग कधी दुरुस्त होणार त्याच्या तारखा आणि तोपर्यंत काय तात्पुरतं केलंय हे एका कागदावर लिहून त्यांना द्या, कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. ठेकेदाराला पण तोच फोटो दाखवा आणि आधीच ठरवा की काम झाल्यावर परत पाणी ओतून वीस मिनिटं थांबणार, कुठेही डबकं राहिलं तर शेवटचा हप्ता मिळणार नाही. नाही म्हणाला तर दुसरा बघा.